दुसरा रकाना

खिंड उघडल्याचा निरोप पहाटे साडेपाचला आला.
संध्याकाळी पुन्हा बंद होणार, हेही त्यातच होतं.
म्हणून गोचाची जुनी निवा, मागे म्झेविनारसाठी बटाट्यांचं पोतं,
पोत्याला टेकून मी,
आणि काचेवर आतून गोठलेला आमचा श्वास.

गोचाच्या वहीत दोन रकाने: ‘दिसला’ आणि ‘ऐकला’.
अशा चाळीस हिवाळ्यांच्या वह्या
बायकोच्या पिठाच्या डब्यात, ओल लागू नये म्हणून.

खिंडीपलीकडे सीमेवर जाणाऱ्या ट्रकांची रांग.
एक आर्मेनियन ड्रायव्हर चाकाच्या आडोशाला चहा उकळत होता.
त्याच्या खूप वरून दाढीवालं गिधाड
एक हाड घेऊन निघालं होतं
घाई नसलेल्या पोस्टमनसारखं.
काय शोधताय? त्याने विचारलं.
तांबडा पक्षी. पांढऱ्या टोपीचा.
चार दिवस बर्फच बघतोय, तो म्हणाला,
तांबडं काही सापडलं तर मलाही सांगा.

तेर्गीच्या काठी कात्सवीची झुडपं,
काट्याकाट्यांतून नारिंगी बोरं.
उन्हाळ्यात ज्यांच्यासाठी दोन दिवस चढावं लागतं
ते पक्षी आता इथे, रस्त्यालगत, उतरतात.
भूक खाली आणते, गोचा म्हणाला,
मलाही तिने बारा वर्षं तिबिलिसीत टॅक्सी चालवायला लावली.

दोन तास. गुलाबी चटकांचा एक थवा आला, उधळला.
बोटं माझी राहिली नाहीत.
तो नाहीच.

स्नो गावात म्झेविनारने तव्यावरून चीजची भाकरी काढली,
पोत्यातला एक बटाटा दाबून पाहिला, नाक मुरडलं.
तांबडा ना? गोठ्यामागे असतो की,
शेणाच्या ढिगावर शेकत.
काल फडकं मारून हाकलला मी.

खरंच होता.
काळी पाठ, पोटाशी विस्तव, माथ्यावर बर्फ,
आणि शेपूट नुसती थिरथिरत.
माझ्या भाषेत याच्या जातीला थिरथिरा म्हणतात, मी कुजबुजले.
गोचाने दोनदा म्हणून पाहिलं. थ त्याला सहज जमला.

मग त्याने दुर्बीण खाली केली.
चोच हलतेय त्याची. बोलतोय का?
आमच्यापासून चार हातांवर
तारेवरून नख ओढावं तसा तो बोलत होता.
हो, मी म्हटलं.
कसा?
मी ओठ आवळून प्रयत्न केला. गाय वळून बघू लागली.
म्झेविनार हसता हसता एकदम थांबली.

‘दिसला’वर त्याने खूण केली.
दुसऱ्या रकान्याशी पेन्सिल जराशी टेकवली,
मग ती माझ्या हातात दिली.

परतताना रांग दोन ट्रक पुढे सरकली होती.
आमच्या आर्मेनियनने काच खाली केली: सापडला?
सापडला.
ओरडतो कसा?
गोचाने हातमोजे काढले, दोन बोटं ओठांशी नेली
आणि वाजवली ती बारीक, टोकाशी थरथरणारी शीळ,
हुबेहूब,
स्वतःला ऐकू न येणारी.