टाइम ऑफिस

कपबशी निवडून आली.
गुलालाच्या गाड्या तासगावच्या रस्त्यानं आल्या तेव्हा
दुसरी पाळी सुटत होती.
सकाळी चेअरमनच्या खुर्चीवरचा टॉवेल बदलला,
भिंतीवरचे आबासाहेब उतरले. खिळा तोच.
दुपारी यादी माझ्या टेबलावर:
विमानाचा प्रचार केलेले अकरा जण
बॉयलरवर, रात्रपाळीला.
मस्टरवर मी लाल शाईनं नावं हलवली.
मागच्या खेपेला हिरव्या शाईनं हलवली होती,
तेव्हा याच अकरांनी पेढे वाटले होते.

गव्हाणीपासून पॅनपर्यंत सगळे आता म्हणतात,
दादा म्हणतील तसं.
दादा अजून काही म्हणालेले नाहीत.

खिडकीच्या कट्ट्यावर कान तुटलेला एक कप असतो.
ईश्वरा आवळे मळीची टाकी धुऊन येतो,
चहा पितो, नळाखाली विसळतो,
पालथा घालून जातो.
चार पॅनेलं आली नि गेली,
तो कप कुणी हलवला नाही.
कुठल्या जाहीरनाम्यात नव्हता तो,
कुठल्या ठरावातही नाही.

परवा लॅबमधली नवी केमिस्ट, घोरपड्यांची प्रणोती,
रात्री तीनला रसाचा ब्रिक्स मोजून आली,
हाताला लागला तो कप घेतला
आणि उभ्यानंच प्याली.
कोणी काही बोललं नाही.
ईश्वरानं तेवढं खाली बघितलं.

सकाळी कट्टा मोकळा.
दहा वाजता मागणीची चिठ्ठी आली:
कप, नग एक.
'कारण' हा रकाना कोरा.
तो मीच भरायचा असतो, बावीस वर्षं भरतोय.
लिहिलं,
मोडतोड.