बंबी

बिराजदार गुंडाप्पा, वय अठ्ठावन्न, जिभेची डावी कड.
मला एवढंच कळवलेलं असतं.
माझ्याकडे माणूस येत नाही,
फॉर्मलिनच्या डबीत हरभऱ्याएवढा तुकडा येतो,
सोबत सर्जनच्या अक्षरातला कागद,
कधी त्यावर चहाचा डाग.

त्या दिवशी माणूसच आला.
लातूरच्या आमच्या लॅबच्या पायरीवर
राहू द्या म्हटलं तरी चपला काढून.
"रिपोर्ट तुमीच लिव्हला न्हवं?
मग तुमालाच इचारतो. भाव काय फुटला?"

चाळीस वर्षं मार्केट यार्डात तुरीचे सौदे पुकारलेला आवाज
आता गाठीला वळसा घालून येत होता.
'र' वाटेत कुठंतरी सांडत होता.

मी म्हटलं, तपासायला छोटा तुकडा काढतात ना, तो –
"बंबी मारली म्हना की."

पोत्याच्या कुशीत पोकळ सळई खुपसून
मूठभर दाणे बाहेर काढतात, ती बंबी.
मुठीवरून पोतं, पोत्यावरून ढीग.
बावीस वर्षांत माझं काम मला
इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून त्याला स्टुलावर बसवलं, भिंगात बघू दिलं.
एक डोळा मिटून, डाळीतला खडा शोधावा तसा तो वाकला.
"गुलाबी हाय."
तो आम्ही दिलेला रंग.
"आन् ह्यो कांदा?"
पदरात पदर गुंडाळलेलं एक गोल.
आमच्या पुस्तकात त्याला मोती म्हणतात,
बोलून गेले, आणि वाटलं, बोलायला नको होतं.

तो हसला. हात गालाशी गेला.
"तोंडात मोती व्हते, आन् मी जलमभर तंबाखू मळीत बसलो."

मोती दिसणं त्यातल्या त्यात बरं,
हे मी त्याला नीट सांगू शकले नाही.
बिघडलेल्या पेशीलाही थोडं आठवत असतं
की आपण जिभेची कातडी होतो,
ठेच्याचा चटका, भाकरीची कड झेलायचो.
ज्यांना काहीच आठवत नाही
त्यांची काच मी दोनदा पुसून बघते.

ऑपरेशननंतर मानेतल्या एकतीस गाठी आल्या.
प्रत्येक कापली. तीस निर्मळ.
एकतिसावीत, अगदी कडेला,
दोन मोती.

दीड महिन्याने पुन्हा आला. अर्धी जीभ, गळ्याला पट्टी.
आकडा मागितला. मी दिला,
आमच्याकडे आकडेच असतात:
तुमच्यासारख्या शंभरातले साठ, पाच वर्षांनी.
त्याने आडतीच्या पावतीच्या पाठीवर लिहिलं,
*साठ कोण?*
ते नाही सांगता येत.
बराच वेळ पेन हातात धरून बसला.
मग लिहिलं,
*ढिगाचा भाव मी पण सांगतो.*
*मी ढीग नाही. मी एक दाणा आहे.*
*भरडणार की पेरणार?*

पावती माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
उत्तर अजून लिहिलेलं नाही.

दर फेब्रुवारीत नव्या तुरीची पोटली येते,
किलोभर, तांबड्या फडक्यात.
पहिल्या वर्षी आली. दुसऱ्या वर्षी आली.
तिसऱ्या वर्षी फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा होता,
तरी आली नाही.
फाईलमधला नंबर मी लावला,
एक रिंग झाली, कापला.
मला काय विचारायचं होतं?

अकरा मार्चला चपला काढल्याचा आवाज.
"औंदा तूर उशिरा निघाली," तो म्हणाला,
म्हणजे मला तसं ऐकू आलं.
'तूर'मधला र अजून सांडतोच.

टेबलावर सहा डब्या होत्या.
वरची परभणीची: बाई, वय चौतीस, गालाची आतली बाजू.
मी शकुन-अपशकुन मानत नाही.
पोटली मात्र तिच्याजवळ ठेवली नाही,
लांब खिडकीत नेऊन ठेवली,
उन्हात.