भरतीचं वेळापत्रक

अशोक चौकात माझं टायरचं दुकान.
आत, देवीच्या कॅलेंडरशेजारी,
देवगडच्या भरती-ओहोटीचा तक्ता लावलाय.
गिऱ्हाईक ट्यूब दाबता दाबता विचारतं,
काय बे हे, रेल्वेचं टाइमटेबल?
मी म्हणतो, हो.
एकच गाडी. दिवसातून दोनदा येते, दोनदा जाते,
आणि रोज पाऊण तास लेट.

रविवारी पहाटे मुनाफच्या छोट्या हत्तीवर
चार कयाक चढतात.
एकीला एक घासू नये म्हणून मध्ये विटक्या चादरी,
मोर गेलेल्या, किनार राहिलेल्या.
तुळजापूर नाक्यावरचा चहावाला न चुकता ओरडतो,
कुठं जावलालाव बे एवढी मोठी केळी घेऊन?
हिप्परग्याला, अण्णा. पिकवायला.

बालमणी चिलका आमची लीडर.
आईनं विड्या वळून लग्नासाठी साठवलेले पैसे
तिनं पिवळ्या कयाकमध्ये घातले.
आई महिनाभर बोलली नाही,
मग एका रविवारी तलावाच्या बांधावर येऊन बसली,
मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं,
आणि म्हणाली, धोटा आहे की गं हा.
तेव्हापासून बालमणी आम्हाला तसंच शिकवते:
दंडानं नका मारू वल्हं,
मागातला धोटा बघा, कुठून सुटतो.

आधी शिकायचं ते उलटं होणं.
डोकं खाली, हिरवा अंधार, नाकात चिखलाची चव.
होडीच्या बुडाला तीन थापा मारायच्या
आणि मगच पट्टी ओढून सुटायचं.
पहिली थाप लागते कशीबशी.
दुसरीला बायको आठवते.
तिसरी मी कित्येक आठवडे मारलीच नाही.

शिवलिंग कोळी, एसटीचे निवृत्त कंट्रोलर.
आडनाव कोळी, समुद्र पाहिला
वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आमच्याबरोबर,
डिसेंबरात.
सकाळचा मतलई वारा पाठीवर होता,
आम्ही खुळ्यासारखे खूश, किती सोपं आहे म्हणत
लांब गेलो.
वळून बघितलं तर किनाऱ्यावरची माडं
काड्यापेटीतल्या काड्यांएवढी.

वल्ही मारतोय, आणि किनारा जागचा हलत नाही.
मुनाफ शिव्या द्यायचा थांबला, तेव्हा मी घाबरलो.
बालमणी म्हणाली, होड्या जवळ घ्या. धरा एकमेकांना.
धरल्या. लाटेवर चारही एकदम वर, एकदम खाली.
कुणाला काही सुचेना.
आणि शिवलिंगअण्णांनी घसा खाकरला:
प्रवाशांनी लक्ष द्यावे.
सोलापूर-स्वारगेट, फलाट क्रमांक सहा.
सावळेश्वर. मोहोळ. टेंभुर्णी.
एका गावाला एक वल्हं.
इंदापूर. भिगवण. पाटस.
स्वारगेट आलं, किनारा नाही आला.
अण्णांनी गाडी परत फिरवली,
पुन्हा बार्शीची सोडली, मग अक्कलकोटची,
मग आयुष्यात कधी न सुटलेल्या गाड्या,
आवाज बसेपर्यंत.

वाळूवर जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्यानं
मान वर न करता विचारलं, खंयचे तुमी?
सोलापूरचे.
थंय पाणी आसा?
आम्ही एकमेकांकडं बघितलं
आणि जे हसत सुटलो,
अण्णा तर वाळूत आडवेच.
आहे की काका. पाचव्या दिवशी.

आज पाचवा दिवस.
पहाटे साडेतीन. आधी नळात नुसती हवा,
मग खाकरल्यासारखा आवाज,
मग गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम चालू.
मी पाइप धरून उभा, डोळे चिकटलेले.
देवगडला आत्ता पाणी उतरत असणार.
बायको आतून विचारते, पिंप भरलं का?
अंधारात दिसत नाही.
मी पिंपाच्या अंगावर थापा मारत
खालून वर येतो,
पोकळ, पोकळ,
इथं भरीव.