कोटेशन

आकडा मी आधी शिसपेन्सिलीनं लिहितो.
खोडून खोडून कागद जिथं मळतो
तिथला आकडा बहुतेक खरा असतो.

डॉज किंग्जवे, सन चौपन्न. मालक अंतुर्लीकर, मॉडेल कॉलनी.
गाडी रास्ता पेठेत पेंटरकडे, उघडी पडलेली,
आणि तिच्या स्टेनलेसच्या पट्ट्या माझ्याकडे,
गोणपाटात गुंडाळून रिक्षातून आलेल्या, नऊ.
"दर काय?" त्यांनी फोनवर विचारलं,
कोथिंबिरीचा विचारावा तसं.

इंचावर सांगू?
मग सरळ इंच आणि चेपलेला इंच
एकाच भावात जातात.
पोच्यावर सांगितलं तर माणसं चष्मा लावून मोजायला बसतात,
दोन बारके मिळून एक धरा म्हणतात.
तासावर म्हणावं, तर माझा तास
त्यांनी कुठं पाहिलाय.

"त्यापेक्षा क्रोम मारून टाका ना."
अहो, क्रोम वरून नेसवतात.
याला नेसवायचं काही नसतं,
आहे तेच घासत न्यायचं:
दोनशेवीसचा कागद, चारशे, सहाशे, आठशे,
प्रत्येक जण आधीच्याचे ओरखडे पुसतो
आणि स्वतःचे ठेवून जातो.
मग बफाचं चाक, हिरवी कांडी.
रात्री शिंकलो तरी रुमालावर डॉज.

वडील माझे तांबट आळीतले.
हंड्यावर मठाराचे ठोके असे घालायचे
की एक दिवा लावला तर हंड्यात शंभर दिसावेत.
गिऱ्हाईक बोट फिरवून ठोक्यांचेच पैसे द्यायचं.
मी तीस वर्षं ठोकतोय
ते ठोका दिसू नये म्हणून.
न दिसण्याचा भाव कसा लावायचा
हे त्यांना विचारायचं राहिलं.

सातवी पट्टी, उजव्या मागच्या दाराची.
उलटी करून डांबर खरवडलं
तर आत ठोके.
जुने. वाटाण्याएवढ्या हातोडीचे,
कडेपासून आत, दाटीनं, कुठंही घाई नाही.
सगळे जरा डावीकडे कललेले.
डावखुरा असणार.
बाहेरून इतकी वर्षं कुणाला पत्ता नाही.

युसुफभाईंना दाखवली.
नाना पेठेत त्यांचं आयुष्य गेलं, असा मिस्त्री नाही जो त्यांना ठाऊक नाही.
पट्टी त्यांनी उजेडाला धरली, बराच वेळ.
म्हणाले, "याला मी ओळखत नाही.
ओळखायला हवं होतं."

इथं माझं काम उरलं दीड तासाचं.
तो नसता तर दोन दिवस.
दोन दिवसांचेच लावले असते तरी
कोण बघतंय, पट्टी एकदा दाराला बसली
की पाठ दाखवत नाही.
लिहिले. खोडले. चहा आला, निवला.
परत लिहिले:

पट्ट्या नऊ, सव्वीस हजार चारशे.
वजा, आधीच्या माणसाचे, आठशे.

संध्याकाळी फोन. "हा आधीचा माणूस कोण?"
सांगितलं.
पलीकडं जरा शांतता, मग म्हणाले,
"बाबांनी वाईच्या अलीकडं बैलगाडीला घासली होती.
रस्त्याकडेच्या कुणा मिस्त्रीला पाच रुपये दिले,
आणि घरी येईपर्यंत
जास्त घेतले म्हणून कुरकुरत होते."
मग घसा खाकरून,
"बरं, ते आठशे राहू द्या.
वरचे सहाशे सोडा, पंचवीस करा राउंड."

केले.

काल पट्टी पुरी झाली.
बाहेरून त्यात शेजारच्या दुकानाची पाटी उलटी वाचता येते.
आतून फक्त रॉकेलचं फडकं मारलं,
बफ लावला नाही.
त्याचे ठोके डावीकडे, माझे थोडे उजवीकडे,
मध्ये बोटभर जागा.