दहावा प्रश्न

घरटी नऊ प्रश्न. प्रत्येकाला चार चौकटी:
अजिबात नाही, काही दिवस,
निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज.
फॉर्ममागे ऐंशी रुपये,
पाण्याची बाटली ज्याची त्याने आणायची.

घणसोली गावात चांगुणाबाई म्हात्रे
सुकटीतून हात न काढता म्हणाल्या, विचार.
मी वाचलं: गेल्या दोन आठवड्यांत
कामात रस किंवा आनंद वाटला नाही, असं किती दिवस?
"कुठला काम?"
आणि बोट केलं खाडीकडे, म्हणजे खाडी होती तिकडे.
आता तिथे काचेची इमारत,
आत रात्रभर दुसऱ्याच देशाची सकाळ.
झोप? "येते गो. पन माझी नाय वाटत."
भूक? "सून वाढते तेवरी."
मग माझं थांबलेलं पेन बघून, आपणहून:
"करमत नाय. लिव. येवराच लिव."

चारही चौकटी मी दोनदा पाहिल्या.
उदास नव्हे ते. काळजी नव्हे.
कंटाळा तर नव्हेच,
कंटाळ्याला निदान कशाचा तरी असतो.
करमत नाही, याला कर्ताच नाही.
वाक्यात मी असते, पण 'मला' होऊन,
दाराशी चपला काढून उभी.
मी समासात लिहिलं. पेन्सिलीने.

कोपरखैरण्याला, माथाडींच्या चाळीत,
ज्ञानू शेलारांनी चाळीस वर्षं कांद्याच्या गोणी वाहिल्या.
म्हणाले, "पाठीवर वझं नसलं की झोक जातो, पोरी.
करमंना."
पुन्हा समास.

नववा प्रश्न मी बाकीच्यांसारखाच वाचते.
त्याचंच प्रशिक्षण झालं होतं, अख्खी दुपार:
आवाज उतरवायचा नाही, नजर काढायची नाही.
ऐरोलीच्या बावीस वर्षांच्या एका पोराने
प्रश्न संपायच्या आतच 'नाही' म्हटलं.
मी कागद बाजूला ठेवला. पुन्हा विचारलं, तोंडी.
मग जिन्यात जाऊन मॅडमना फोन,
त्याला विचारून त्याच्या आईला फोन,
आणि ती येईपर्यंत आम्ही दोघं
कॅरमची पावडर हल्ली कशी चिकट येते, यावर बोललो.
गुरुवारी जातो तो आता कुणाकडे तरी.
जाताना चिडतो म्हणे. जातो पण.

इनामदार मॅडम समास वाचणाऱ्यांतल्या.
भाषांतरात काहीतरी सांडलंय, म्हणाल्या,
आणि छापून आला दहावा प्रश्न:
करमत नाही, असं किती दिवस?
दोनशे बारा घरं, पुन्हा पहिल्यापासून.

जवळजवळ रोज, म्हणाली वाशीची नवी नवरी.
जवळजवळ रोज, म्हणाला सीवूड्सचा वॉचमन,
एकविसाव्या मजल्याचं कुत्रं धरून.
नेरूळच्या तलावाला रोज सात फेऱ्या मारणारे,
नऊच्या नऊ प्रश्नांना शून्य दिलेले,
घाम पुसत हसले आणि म्हणाले, तसं तर रोजच.

महिन्याभराने संगणकाने दहावा प्रश्न काढून टाकला.
मॅडमनी चहा मागवला, मग समजावलं:
ज्याला सगळेच हो म्हणतात, त्या प्रश्नातून
कोण आजारी, कोण बरं, हे कळत नाही.
पट्टीला फरक लागतो.
बरोबर आहे. बारावीला मला संख्याशास्त्र होतं.
तरी मी विचारलं, मग त्या सगळ्यांचं काय?
मॅडमनी कपातली साय बोटाने काढली,
बशीच्या कडेला पुसली.
"तो वेगळा अभ्यास होईल," म्हणाल्या.
"त्याला पैसे कोण देणार, बघावं लागेल."

उरलेले फॉर्म माझ्याकडे आहेत, पाठकोरे.
दूधवाल्याचा हिशेब त्यांवर होतो.

काल घणसोलीला गेले, बिनफॉर्मची.
चांगुणाबाईंनी सूप अर्धं माझ्याकडे सरकवलं.
डोकी वेगळी, काड्या वेगळ्या.
बराच वेळ कुणी काही विचारलं नाही.
मग त्यांनीच:
"तुला करमतं का गो, तिकरं सानपाड्याला?"

मी 'काही दिवस' म्हणणार होते,
तेवढ्यात मांजर आलं,
आणि त्या उठल्या.