सेल नंबर एकेचाळीस

माटुंगा. रात्रीचे साडेअकरा.
आर्गॉनच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून
मी सोडियम कापते.
लोण्यासारखा कापला जातो.
ताजी कड चांदीची,
आणि एवढ्या कोरड्या पेटीतही
माझ्यादेखत मळायला लागते.

बाबांनी एकदा विचारलं होतं,
तुजा सोडियम तो आमच्या मिठातला का गो?
त्यातलाच, म्हटलं. फक्त एकटा.
"मंग यकटा ऱ्हावत नसंल त्याला."
एमएस्सीची दोन वर्षं
मला हे इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

जोमा केणी, भांडुपचं मिठागर, एकतीस वर्षं.
भरती आत घ्यायची, उघाडी लावायची,
या कुंडीतून पुढच्या कुंडीत पाणी सोडायचं
आणि उन्हाला त्याचं काम करू द्यायचं.
मला तेच हवंय, पण सहा मिनिटांत.
सहा मिनिटांत सगळ्यांनी आत जायचं,
सहा मिनिटांत बाहेर,
आणि जाता-येता घराची भिंत पाडायची नाही.

ग्रॅफाइटने सोडियमला थारा दिला नाही.
तिथल्या थरांतली फट लिथियमच्या मापाची,
हा अंगाने थोराड.
म्हणून करवंट्या.
किंग्ज सर्कलच्या इडलीवाल्याकडून पोतंभर आणल्या,
तेराशे अंशांवर भाजल्या, हवा न लागू देता.
निघाला तो कोळसा वेडावाकडा,
एक थर दुसऱ्याशी धड जमलेला नाही.
त्या बेबनावातच जागा सापडली.

दुसऱ्या टोकाला निळी पूड,
लोखंड, मँगनीज, मधे रिकामी खुराडी.
खुराड्यांत पाणी लपून बसतं.
तीन आठवडे मी ते हुसकत होते,
आणि भट्टीचं तापमान वाढवलं की निळा रंगच उतरायचा.
"पानी गेल्याबिगर मीठ नाय," बाबा म्हणाले,
"पन घाईनं गेला त मीठ कडू."
मी भट्टी साठ अंशांनी खाली आणली.

पहिल्या फेरीत शंभरातले बारा परत येत नाहीत.
कोळशाच्या अंगाला धरून राहतात,
त्यांची कातडी होते,
तिच्यातून बाकीचे ये-जा करतात.
वहीत त्या रकान्याचं नाव: नुकसान.
मी पाचवीत असताना बाबांच्या टाचेत खिळा घुसला होता,
संध्याकाळी आईने दाखवला तेव्हा त्यांना कळलं.

चाळीस सेल मेले.
सतरावा फुगला.
तेविसावा शॉर्ट झाला, चूक माझी, फॉइलची कड नीट कापली नव्हती.
एकतिसावा नऊशे फेऱ्या चालून
मी उरणला चुलतबहिणीच्या हळदीत नाचत असताना गेला.
एकेचाळिसावा रुपयाएवढा.
आज दोन हजार एकशे चारावी फेरी
आणि रेघ इतकी सपाट
की मी वायर दोनदा काढून बघितली.

बाबांना सांगू? साडेनऊलाच झोपतात.
उठवलं तर विचारतील, किती दिवस टिकंल?
मला माहीत नाही.
मिठागर बंद होऊन नऊ वर्षं झाली,
तेही कुणाला माहीत नव्हतं.

शेवटच्या हंगामातलं मूठभर मीठ
त्यांनी वर्तमानपत्रात बांधून दिलं होतं,
"कमी परला तर घे."
ड्रॉवरमध्ये आहे.
जुलैत कागद भिजतो,
खालच्या फायलींना पांढरी कड धरते,
गाईड ओरडतात.
मी पुडी उचलत नाही.

मशीन टिक करतं.
दोन हजार एकशे पाच.