अर्धा नमुना

आमच्या शहराच्या नावाचा अर्थ होडी,
आणि नदी म्हणाल तर गिरण्यांच्या काळातच
पाइपात घालून रस्त्याखाली गाडलेली.
वूचमध्ये राहायचं म्हणजे
कोरड्यावर होडीत बसायचं.
मी त्यात जरा उजवीकडे कललेली.

नाट्यगृहाच्या तळघरात शिवते मी, एकोणीस वर्षं.
वहीत सगळ्यांची मापं आहेत.
राजाचा डावा खांदा दोन सेंटिमीटर खाली.
जिच्यावर अख्खं शहर फिदा
तिच्या पाठीच्या कण्याला हलकीशी वेलांटी,
दर हंगामात मी ती अस्तरात जिरवते.
माझं माप मात्र वहीत नाही.
माझी आहे ती डाव्या कपातली कापसाची वडी,
धुतली की गोळा होणारी,
रेडिएटरवर वाळत घातली की
मांजर पळवतं.

डॉक्टर सोब्येराय यांनी चष्मा कपाळावर सरकवला
आणि जांभळ्या पेनानं अंगावर रेघा ओढल्या.
मला हसू आलं. मी खडू वापरते.

डावीकडे भर घालता येईल, म्हणाले,
सिलिकॉनची, स्नायूच्या खाली किंवा वर,
दहा-पंधरा वर्षांनी कदाचित बदलावी लागेल.
(म्हणजे वडीच,
फक्त मांजराला न सापडणारी.)
नाहीतर मांडीतली चरबी काढून इथे भरायची,
त्यातली काही अंगातच जिरते,
किती ते आधी सांगता येत नाही.
पहिल्या धुण्यात आटणारं सुती कापड, मला कळलं.
किंवा उजवी बाजू कमी करून
वर उचलून घ्यायची.
व्रण राहील नांगराच्या आकाराचा,
शेतातला नव्हे, होडीचा.
मी म्हटलं, आमच्या गावाला तो कधीचा हवाच होता.
ते हसले नाहीत.
स्पर्श काही जागी बोथट होऊ शकतो.
सिगारेट सहा आठवडे आधी बंद.
"आणि दोन्ही अगदी सारख्या होतील
असं वचन मी देत नाही."
हे वाक्य आवडलं.
नायिकांना मीही असंच सांगते.

मग त्यांनी विचारलं,
"यातली कोणती बाजू धरून दुसरी बेतायची?"

कागदी नमुना नेहमी अर्धाच असतो.
कापडाची घडी, घडीवर कागद, एकदाच कात्री,
उलगडलं की दुसरी बाजू आपोआप.
माणसं घडीवर बेतलेली नसतात
हे माझ्याइतकं कुणाला माहीत,
तरी आरशासमोर मी
डावीलाच बोल लावत आले.
लहान, म्हणजे तीच चुकलेली.
उजवीला कुणी जाब विचारलाच नव्हता.

खांद्यावरची खाच उजवीची.
पाठ दुखते ती तिच्यामुळे.
पोटावर झोपू देत नाही तीही तीच.
डावी बिचारी निमूट,
इतकी वर्षं कापूस पांघरून.

"डावी," मी म्हटलं,
आणि शिवणाऱ्या बाईला शोभू नये
तसा आवाज उसवला.
"डावीला हात लावू नका."

रेघा पुसायला स्पिरिट लागलं.
धागा कोणता वापरता, मी विचारलं.
आत विरघळणारा, गाठ आतल्या बाजूला.
एका जुन्या फोटोतले टाके दाखवले त्यांनी.
बारीक. हात बरा आहे.

बहीण बोगुस्वावा फोनवर म्हणते,
नवरा ना मूल, कुणासाठी एवढं?
आणि तो हिवाळ्यातला कोट?
कोटाचेच पैसे आहेत हे, मी म्हटलं.
जुन्याला नवं अस्तर लावेन.

तारीख हंगाम संपल्यानंतरची मिळाली.
रात्री वहीचं शेवटचं पान काढलं,
नाव लिहिलं: ग्राझिना विल्कोश.
डावी. उजवी.
दोन वेगळे आकडे, शाईनं.
शेजारी एक रकाना मोकळा.

कापसाची वडी मांजरापुढे टाकली.
त्यानं हुंगली
आणि तोंड फिरवलं.
दिलेलं त्याला कधीच नको असतं.